साताऱ्याचा माणूस हिंदीत बोलला

गंगेकाठच्या दूधविनायक मोहल्ल्यातल्या आमच्या घरात खालच्या दोन खोल्या क्रियाकर्माला येणाऱ्यांसाठी ठेवलेल्या आहेत. महाराष्ट्रातून लोक अस्थी घेऊन येतात, दोन दिवस राहतात, माझ्या हातचा वरणभात जेवतात आणि जातात. बऱ्याच जणांना गेलेल्या माणसाशी एकदा बोलायचं असतं. मी तोंडावर विचारायची, जिवंत होता तेव्हा काय झालं होतं बोलायला? चौथीपर्यंत शिकलेली बाई मी, गोड बोलणं कधी जमलं नाही.

गेल्या हिवाळ्यात साताऱ्याकडची एक बाई दिराबरोबर आली. साठीची असेल. नवऱ्याच्या अस्थी गंगेत सोडून झाल्या तरी ती जेवेना. दुसऱ्या दिवशी दुपारी स्वयंपाकघरात आली.

"काकू, रामघाटामागे एक बाबा मेलेल्या माणसाशी बोलणं करून देतात म्हणे. याल का माझ्याबरोबर? मला हिंदी बोलता येत नाही."

"काय विचारायचंय?"

नवरा इस्पितळात होता. आठ दिवस ही उशाशी बसून. नवव्या दिवशी सकाळी खाली जाऊन कपभर चहा प्यायली. वर आली तर तो गेलेला. रागावून गेला का, एवढंच तिला विचारायचं होतं.

"आणि हो म्हणाला तर?"

तिने मान खाली घातली. मी चप्पल घातली.

बाबा तख्तावर डोळे मिटून बसला होता. मी हिंदीत सगळं सांगितलं. तो जरा थरथरला आणि जड आवाजात म्हणाला, "मैं यहाँ सुखी हूँ। मेरी शांति के लिए एक पूजा और करा दो।"

जन्मभर साताऱ्यात राहिलेला माणूस मेल्यावर फर्डी हिंदी बोलत होता. हे मी तिथेच बोलणार होते. पण ती बाबाकडे बघतच नव्हती, माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी म्हणाले, "ते म्हणतायत, रागावलो नाही. आठ दिवस बसलीस, चहा प्यायलीस ते बरं केलंस."

तिने डोळे पुसले. आम्ही घाटावर येऊन पायऱ्यांवर बसलो. तिने शेंगदाण्यांची पुडी घेतली आणि खायला लागली. दोन दिवसांत पहिल्यांदाच.

थोड्या वेळाने म्हणाली, "काकू, मी रोज हिंदी मालिका बघते. बोलता येत नाही, पण समजतं सगळं."

मी पदर सारखा केला.

"बाबा फक्त सुखाचं आणि पूजेचं बोलले. चहाचं तुमचं होतं."

"हो, माझं."

"का सांगितलंत?"

मग तिला सांगितलं. पोटच्या मुलालाही सांगितलेलं नाही. आमचे हे गेले त्या सकाळी त्यांनी आतून हाक मारली. गॅसवर दूध वर आलं होतं. मी आधी गॅस बंद केला, पातेल्यावर झाकण ठेवलं, मग गेले. तोवर आटोपलं होतं. बाबाकडे जाणाऱ्यांना मी नावं ठेवत आले, पण मला स्वतःला उत्तराची भीती वाटत होती.

तिने दाण्यांची पुडी माझ्यापुढे धरली. मग म्हणाली, "दूध उतू गेलं असतं तर तेच ओरडले असते तुम्हाला."

खरं आहे. दूध उतू गेलेलं त्यांना मुळीच खपत नसे.