परसातला खराटा

खराटा हातात धरल्यानं मुलाचं नेमकं काय कमी होतं, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही. विचारलं की सगळे हसतात. मला नाही हसू येत.

आमच्या घरामागं परस आहे. कडुलिंब, शेवगा, कढीपत्त्याची दोन झाडं, कडेला पाण्याची सिमेंटची टाकी. उन्हाळा लागला की कडुलिंब दिवसभर पानं गाळत राहतो. मी अक्कलकोट रोडला कारखान्यात टॉवेलच्या कडा शिवते, त्यामुळं परस झाडायला हात लागतो तो सुट्टीच्या दिवशी. गेल्या वर्षी ठरवलं, आता पोरं मोठी झालीत, त्यांनी करावं. मुलगा बारा वर्षांचा, मुलगी नऊ. त्यानं झाडायचं, तिनं झाडांना पाणी घालायचं. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, तेव्हा पाइप हातात मिळणं ही आमच्याकडं चैनच. ती चैन मी मुद्दाम मुलीला दिली.

पहिल्याच दिवशी सासूबाई बाहेर आल्या. त्या होटगीकडच्या, बोलणं एक घाव दोन तुकडे.

"पोराच्या हातात खराटा देतीस व्हय? बाईमाणूस न्हाय का घरात?"

त्यांनी खराटा त्याच्याकडून काढून घेतला, मुलीच्या हातात दिला आणि तिचा पाइप त्याला दिला. तो भिंतीवर पाणी उडवत बसला. नवरा तिथंच चहा पीत होता. "जाऊ दे की, म्हातारं माणूस हाय," म्हणाला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हातारं माणूस म्हणून सोडायचं, पुरुष माणूस म्हणून सोडायचं, आणि धरायचं कुणाला, तर नऊ वर्षांच्या पोरीला. करकंबला माहेरी माझंही असंच झालं होतं. भाऊ पारावर, मी अंगणात. तेव्हा तोंड नव्हतं, आता आहे.

मी खराटा परत मुलाच्या हातात दिला आणि सासूबाईंना तोंडावर सांगितलं, "आत्या, ह्या घरात परस हाच झाडणार. तुमाला बघवत न्हाय तर आत बसा." दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही. पण मुलगा झाडायला लागला.

झाडायचा म्हणजे मधला पट्टा साफ करायचा आणि पाला टाकीमागं लोटून पळायचा. मी त्याला शाब्बास म्हणायचे. तो गेला की टाकीमागचा पाला ओढून काढायचे, कोपरे झाडायचे. उन्हाळ्यात विंचू निघतात, पाला ठेवून कसं चालेल? बोलले असते तर सासूबाईंना आयतं कोलीत मिळालं असतं. म्हणून गुपचूप करायचे. दीड-दोन महिने असं चाललं. मी जिंकले म्हणून मनात ताठ होते. कारखान्यातल्या बायकांनाही ऐटीत सांगून झालं होतं.

मग एका सुट्टीला कारखान्यात तातडीचं काम निघालं. मी सकाळीच गेले, दुपारी आले. परस लख्ख. टाकीमागं एक पान नाही, कडेला पाल्याचा ढीग. मुलगा बाहेर क्रिकेट खेळत होता. मी सासूबाईंना म्हणाले, "बघा आत्या, पोरगं झाडतंय का न्हाय नीट?"

त्या म्हणाल्या, "त्यानं न्हाय. पोरीनं केलंय."

मी भडकलेच. माझी पाठ वळायची वाटच बघत होतात, पोरीला राबवायला तुम्हाला लाज वाटत नाही का, जे तोंडात आलं ते बोलले. सासूबाई ऐकून घेत होत्या, हे नवलच. मग म्हणाल्या, "मी सांगितलं न्हाय. तिलाच इचार की."

मुलगी मोरीत हात धूत होती. अंगठ्याखाली फोड आला होता.

"कुणी सांगितलं तुला झाडायला?"

"कुणी न्हाय."

"मग दादानं का न्हाय झाडलं?"

"झाडलं की त्यानं." तिला माझा प्रश्नच कळला नव्हता. "त्यानं झाडलं की तू परत झाडतीस न्हवं? आज तू नव्हतीस, म्हणून मी झाडलं."

सासूबाई दारातच उभ्या होत्या. त्या दोन महिन्यांत मला त्यांचाही एवढा राग आला नव्हता, जेवढा त्या क्षणी माझा मला आला.