फिटरमामांना ‘नको’ ऐकू येत नसे

लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक माझ्या मोटरसायकलच्या इंजिनवर, त्याची लाकडी मूठ स्वतःच्या कानाला, डोळे मिटलेले, आणि मोकळा हात वर, म्हणजे बाकीच्यांनी गप्प बसायचं.

“बंद करू नका साहेब. रडतंय. आत कायतरी रडतंय.”

मला ऑफिसला उशीर होत असायचा. रडायची पाळी खरं तर माझी होती.

गल्लीत त्यांना सगळे फिटरमामा म्हणत. कळंब्याच्या रस्त्यावर आमच्या समोरच त्यांचं घर. वीस-बावीस वर्षं सूतगिरणीत फिटर. तिथल्या आवाजानं कान निम्मे गेलेले. माणसांचं बोलणं अर्धंमुर्धं कळायचं. गाडीचं मात्र त्या स्क्रू ड्रायव्हरमधून सगळं कळायचं. आणि ‘नको’ हा शब्द तर कुठल्याच बाजूनं ऐकू यायचा नाही. तो कानाचा दोष होता की सोयीचा भाग, हे आम्हाला शेवटपर्यंत समजलं नाही. तुमच्या गल्लीत असा कुणी असेल तर मी काय सांगतोय ते तुम्हाला लगेच कळेल.

नव्वद सालानंतर कधीतरी मी एक जुनी टू-स्ट्रोक गाडी घेतली. पहिल्याच रविवारी मामा पाना घेऊन दारात हजर.

“मामा, नको. परवाच गॅरेजमधून आणलीय.”

“व्हय व्हय, बघू की,” म्हणत ते खाली बसले. “गॅरेजवाला तुमच्या गाडीचा कोण लागतोय? दोन मिन्टाचं काम हाय.”

दोन मिनिटांत त्यांनी अंगणभर वर्तमानपत्रं पसरली. एकेक भाग काढला त्या क्रमानं ओळीनं मांडला. मग त्या ओळीतून कुणी चालायचं नाही, झाडायचं नाही, पाणी शिंपडायचं नाही. माझी बायको केरसुणी घेऊन दोन तास दारात उभी. वर हुकूम सुटला, “वैनी, चार वाट्या द्या की. स्टीलच्या.” त्या वाट्यांतून पेट्रोलमध्ये नट-बोल्ट भिजले. पुढं आठवडाभर आमच्या दह्याला पेट्रोलचा वास येत होता.

गाडी मात्र संध्याकाळी लोण्यासारखी चालली. हे सांगायला मला आजही जड जातं.

त्यांना मागं बसवणं ही तर शिक्षाच. गडमुडशिंगीला एका लग्नाला आम्ही बरोबर निघालो. वाटभर माझ्या खांद्यावर बोटांची टकटक. “तिसरा टाका. तिसरा! क्लच धरून बसू नका, हात काय पुजेला लावलाय व्हय?” चढ आला तसे खाली उतरले. गाडी दमली होती म्हणे. पुढं ते शेजारून चालत आणि मी पहिल्या गिअरवर त्यांच्या वेगानं. आम्ही पोचलो तेव्हा अक्षता पडून जेवणाच्या पंगती बसल्या होत्या.

असंच हसण्यावारी चाललं असतं, पण मध्ये बायकोची मुलाखत आली.

पेठ वडगावच्या एका शाळेत शिक्षिकेची जागा होती. बी.एड. होऊन चार वर्षं ती घरी बसलेली. अकराला मुलाखत. मी रजा काढली, गाडीवरून नेतो म्हणालो. आदल्या संध्याकाळी मामा फाटकात आले. “उद्या गाडी नेऊ नका साहेब. एक्सलेटर सोडला तरी मागं येत न्हाय तुमचा. तीनदा सांगिटलंय.” मी “बघतो” म्हणालो आणि दार लावून घेतलं.

सकाळी साडेआठला दार उघडलं तर वर्तमानपत्रं पसरलेली. कार्बोरेटर सुटा होऊन आमच्याच वाट्यांत निवांत पहुडला होता.

“दोन मिन्टाचं काम हाय,” मामा म्हणाले.

साडेनऊला ते काम निम्म्यावर होतं. बायको नवी साडी नेसून पायरीवर उभी. एसटी कधीच गेली होती. मी काय काय बोललो ते आठवत नाही. मामांनी हात पुसले आणि स्वतःची गाडी बाहेर काढली. त्या गाडीला गल्लीत कुणी बोट लावलेलं नव्हतं. मी किल्लीसाठी हात पुढं केला.

“तुमास्नी झेपायची न्हाय. बसा वैनी.”

आणि माझी बायको त्यांच्या मागं बसून गेली. मी अंगणात, कार्बोरेटरची राखण करत.

वडगाव फाट्याच्या अलीकडं त्यांची गाडी बंद पडली. बिघाड काही नव्हता, टाकी रिकामी होती. माझ्या पेट्रोलात गाळ असतो म्हणून वाट्यांमध्ये त्यांनी स्वतःच्या टाकीतलं चांगलं पेट्रोल ओतलं होतं! भर हायवेला दोन्ही हात पसरून त्यांनी दुधाचा टेम्पो अडवला. “पावणं, थांबा की! वैनींची मुलाखत हाय!” टेम्पोनं तिला शाळेपर्यंत सोडलं. पण पाऊण तास उशीर झाला होता. शाळेनं तिला आत बोलावलंच नाही.

ती दुपारी एसटीनं परत आली आणि साडी न बदलताच पोळ्या लाटायला बसली. मामा तासाभरानं आले. मी त्यांना भर गल्लीत उभं केलं आणि बोललो. बायकाबाप्ये दारात आले तरी थांबलो नाही. “आजपासून माझ्या गाडीला हात लावायचा नाही. माझ्या दारात पाय ठेवायचा नाही.”

त्या दिवशी त्यांना सगळं ऐकू आलं. त्यांनी पेपरांवर बसून गाडी जोडली, वाट्या साबणानं धुतल्या, कट्ट्यावर पालथ्या घातल्या आणि गेले.

दुसऱ्या दिवशी मी गाडी काढली. एक्सलेटर सोडला की लगेच मागं येत होता. महिनाभर तो अडकत होता, हे मला ठाऊक होतं. हायवेला, बायको मागं असताना अडकला असता तर, हेही लक्षात आलं. माझा राग मात्र त्यानं कमी झाला नाही. चुकलेल्या माणसाला माफ करता येतं. हे गृहस्थ बरोबर होते.

वर्षभर आम्ही बोललो नाही. सकाळी गाडी काढताना ते समोर दाढी करत बसायचे आणि आरसा दुसरीकडं वळवायचे.

मग बायकोला जवळच्याच एका शाळेत नोकरी लागली आणि तिनं मोपेड घेतली. शिकवताना दुसऱ्याच दिवशी मी तिच्यावर ओरडलो. तिनं गाडी तिथंच उभी केली, रस्ता ओलांडला आणि त्यांच्या दारात जाऊन म्हणाली, “मामा, मला शिकवा.” आठवडाभर तलावाजवळच्या मैदानात पन्नाशीचा तो माणूस मोपेडमागं धापा टाकत पळत होता. तिच्यावर एकदाही ओरडला नाही. आठव्या दिवशी ती एकटी बाजारात जाऊन आली. त्या संध्याकाळी मीच चहा घेऊन समोर गेलो. त्यांनी कप घेतला आणि म्हणाले, “साहेब, तुमची चेन लई ढिली झालीया. वर्षभर बघतोय.”

पुढं सूतगिरणी बंद झाली. मामा मुलीकडं, निपाणीच्या बाजूला राहायला गेले. मामी टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसल्या. मामा मागं, दोन गाद्यांच्या मधे दोरीनं बांधलेल्या गाडीचं हँडल धरून.

दोन वर्षांनी त्यांच्या मुलीचा फोन आला. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत म्हणाली. माझ्या तोंडातून गेलं ते भलतंच, “गाडी कुठाय?”

माझी मलाच लाज वाटली. पण ती शांतपणे म्हणाली, “दारातच हाय. आमची आई रोज सकाळी पुसत्या. कुणाला हात लावू देत न्हाय.”