जहराच्या वाळूतला वाकडा पंजा

भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की मी उठून जाणारा माणूस. नमाजी आहे, पण ताईत कधी बांधला नाही. इंजिन बंद पडलं तर नजर लागली म्हणणाऱ्यांपैकी नाही, प्लग काढून बघणाऱ्यांपैकी. तरीही हे लिहितोय. पटलं नाही तर सोडून द्या... इतकी वर्षं मीही तोच प्रयत्न केला.

साठच्या दशकातली गोष्ट. मी सुलेमान, रत्नागिरीकडचा. कुवेतमध्ये एका व्यापाऱ्याचा ड्रायव्हर होतो. या अरबाबला — मालकाला तिकडे आम्ही असंच म्हणायचो — सिनेकॅमेऱ्याचं भारी वेड. एका वर्षी तो सिंहांची फिल्म काढायला केनियातल्या गेम रिझर्व्हमध्ये निघाला आणि जीप चालवायला मला सोबत नेलं.

दोन महिने आम्ही एकाच कळपाच्या मागे होतो. माद्या, पिल्लं आणि तो सगळा मुलूख मिळून राखणारे दोन नर. सख्खे भाऊ आहेत, असं तिथले गार्ड सांगायचे. एकाचा पुढचा उजवा पंजा जुन्या जखमेने आत वळलेला, म्हणून मी त्याला वाकड्या म्हणायचो. सकाळी पावलांचा माग शोधायचा आणि त्याच्या बाजूबाजूने जीप हाकायची, मागावर चाक घालायचं नाही. ती सवय हाडात मुरली.

दोघे भाऊ लांब पांगले की एक डरकाळी द्यायचा आणि थांबायचा. दुसऱ्याचं उत्तर आलं की त्या दिशेने चालू लागायचा. आमच्या शेवटच्या आठवड्यात वाकड्याला रानरेड्याने फाडलं. दुसरा रोज संध्याकाळी हाक देत राहिला. उत्तर कुठून येणार? मला ते ऐकवेना.

कुवेतला परतल्यावर पहिलं काम काय केलं, तर धाकट्या भावाचा, हनीफचा व्हिसा काढला. का बोलावलं ते त्याला कधी सांगितलं नाही. सख्ख्या भावाला असलं सांगायचं म्हणजे लाज वाटते हो.

पुढच्या वसंतात अरबाबचा कॅम्प जहरा गावाच्या पश्चिमेला वाळवंटात पडला होता. हनीफ तिथे स्वयंपाकी. एके सकाळी तो चुलीपाशीच वाकून बसला.

"काय झाला?"

"पोट लय दुखता, भाई. माना नाय सोसत."

कपाळ तापलेलं, पोट फळीसारखं घट्ट. मागच्या सीटवर झोपवून मी हॉस्पिटलकडे निघालो. वाटेत तोज उठलं — धुळीचं वादळ. बॉनेटसुद्धा दिसेना, म्हणून थांबलो. ते ओसरलं तेव्हा वाळू इस्त्री केल्यासारखी साफ झाली होती. जुनी वाट गायब, सूर्य पिवळ्या धुरळ्यात हरवलेला. अंदाजाने हाकत राहिलो.

बऱ्याच वेळाने चाकांचा ताजा माग दिसला आणि जीव भांड्यात पडला. वाळवंटात आम्हा ड्रायव्हरांचा रिवाजच होता — वाट चुकली की ताजं चाक धरायचं. धरलं. खूप पुढे गेल्यावर एका बाजूची झिजलेली नक्षी ओळखीची वाटली. ती आमच्याच डाव्या टायरची होती. मी स्वतःच्याच मागे गोल फिरत होतो, आणि पेट्रोलचा काटा पार खाली आला होता. मागे हनीफ आता कण्हतही नव्हता. मी चक्क रडलो.

डोळे पुसायला खाली उतरलो, तेव्हा पावलं दिसली. दोन जनावरांची, शेजारी शेजारी. हाताच्या पंजाहून मोठी, आणि नखं उमटलेली नव्हती... कुत्र्याची उमटतात. त्यातल्या एकाचा पुढचा उजवा पंजा आत वळलेला होता.

कुवेतमध्ये सिंह नाहीत, हे मला ठाऊक होतं. पण विचार करत बसायला सवड कुणाला होती? सवयीने जीप त्या पावलांच्या बाजूला घेतली आणि निघालो. काटा शून्याला टेकला होता तेव्हा समोर डांबरी रस्ता आला, आणि पलीकडे जहराची खजुरीची झाडं. पावलं रस्त्याच्या कडेला संपली. एका ट्रकवाल्याने आम्हाला हॉस्पिटलला पोचवलं. अपेंडिक्स होतं. आणखी उशीर झाला असता तर हाती लागला नसता, असं डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी अरबाबला ती जागा दाखवायला नेलं. मुंबईत व्यापार केलेला माणूस, माझ्याशी हिंदीतच बोलायचा.

"सुलेमान, शेर इधर किधर?"

माझ्या चाकांचा माग जसाच्या तसा होता. त्याच्या शेजारची वाळू मात्र कोरी. चाकं त्या कोऱ्या पट्ट्याला धरून वळत गेली होती, एकदाही त्यावर चढली नव्हती. अरबाबने वाकून त्या पट्ट्यावरून हात फिरवला आणि तो गाडीत जाऊन बसला.

संध्याकाळी हनीफला शुद्ध आली. पाणी मागायच्या आधी त्याने विचारलं, "भाई, वाटेत ती दोगा कोन होती रे?"

"कोन दोगा?"

"येक हाक मारायचा नि गप रवायचा. मग दुसरा जवाब द्यायचा."

मी त्याचा हात धरून बसलो.

हे कसं झालं, मला आजही सांगता येत नाही. हनीफला नातवंडं आहेत, आणि तापात कानात काहीही वाजतं, असं तो हसून म्हणतो. म्हणू दे. मी केनियातल्या त्या माळावर रोज संध्याकाळी ती हाक ऐकली होती, उत्तर न मिळालेली. हनीफने उत्तर ऐकलं.