सखारामच्या चटईवर

"कुठे आहे आवाज? दाखवा ना," मी जरा चढ्या सुरातच म्हणालो.

भरदुपारी लालबागच्या चाळीत उभा होतो. खाली तळघरात अप्पांचा म्युझिक स्टुडिओ, वर गिरणीत रात्रपाळी करणाऱ्यांची खोली. ही माणसं दिवसा झोपणार आणि त्याच वेळी खाली शाहिरांची ढोलकी वाजणार. स्टुडिओ साउंडप्रूफ करायचं काम माझं. मूळ छताखाली दुसरं छत टांगून मधे काथ्या ठासून भरला होता. आत्ता खाली ढोलकी चालू होती आणि वर मला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.

"डोळा लागत नाय, सायब," त्या खोलीतला सखाराम म्हणाला. "काल मशीनवर डुलकी लागली. बोटं थोडक्यात वाचली. आज बंद करा, नायतर आम्ही खाली येऊन बंद करतो. संयुक्त महाराष्ट्र आम्हालाही हवाय, पण हात गमावून नको."

अप्पा माझ्या कानाशी लागले. "ढोंग आहे सगळं. उद्या शिवाजी पार्कला सभा, तालीम थांबवू कशी? तुम्ही फक्त सांगा, आवाज येत नाही म्हणून."

मला दोघांचाही राग आला. एक माझ्या कामात खोट काढतो, दुसरा मी काय बोलायचं ते शिकवतो! "आण तुझी चटई," मी सखारामला म्हणालो, "इथेच झोपून दाखवतो."

आडवा झालो, कान जमिनीला लागला आणि चाट पडलो. ढोलकीची थाप थेट डोक्यात बसत होती. मी उभ्याने ऐकत होतो, ही माणसं जमिनीवर झोपत होती.

"येतो ना?" सखारामने विचारलं.

"येतो."

अप्पांनी कपाळाला हात लावला.

तडक खाली गेलो. ढोलकीवाला बसायचा तो लाकडी चौथरा मधल्या सागवानी खांबाला ठोकलेला होता आणि त्याच खांबावर वरची जमीन टेकली होती. हवेतला आवाज छत अडवतं. लाकडाला धरून चढणाऱ्या आवाजाला छत काय करणार? सुताराकडून चौथरा खांबापासून सोडवला, चार बोटं पुढे ओढला आणि खाली काथ्याच्या जाड गाद्या घातल्या.

"वाजव जोरात," ढोलकीवाल्याला सांगून मी पुन्हा वर जाऊन चटईवर कान टेकला. सखाराम उशाशी उकिडवा बसून माझ्या तोंडाकडे बघत होता. आता आवाज आला असता तर त्याने खरंच ढोलकी फोडली असती.

पुढचं मला अप्पांनी सांगितलं. जिन्याखालून त्यांनी ओरडून विचारलं, "येतोय का?" उत्तर नाही. घाबरून वर आले तर सखाराम दारात, ओठांवर बोट.

"हळू बोला, अप्पा. सायब झोपलेत."

त्यानंतर एकही छत मी उभ्याने पास केलं नाही.