उजवे मुड

आमच्या शाळेची कॅडेट तुकडी माझ्याकडे आली ती माझ्या आवाजामुळे. शिस्त, देशप्रेम, शारीरिक क्षमता असल्या गोष्टी मुख्याध्यापिकाबाईंनी विचारातच घेतल्या नव्हत्या. घेतल्या असत्या तर मी वाचले असते. आधीचे सर निवृत्त झाले, आणि पहिल्या मजल्यावरून नुसत्या हाकेने मागच्या गेटापाशी मिरची-भजी खाणाऱ्या पोरांना वर्गात आणू शकणारी बाई शाळेत एकच होती. मी समाजशास्त्र शिकवते. नागरिकशास्त्र तुमच्याकडे आहेच, त्यात थोडं चालणं घाला, एवढंच मला सांगण्यात आलं.

मग परगावी शिक्षकांच्या ट्रेनिंगला रवानगी झाली. पंचेचाळिशी ओलांडलेल्या बाईच्या हातात पँट, पट्टा, बूट आणि ती तिरकी टोपी देतात तेव्हा तिने रडावं की हसावं ते कुणी शिकवत नाही. टोपी माझ्या डोक्यावर सकाळच्या उरलेल्या धिरड्यासारखी बसते, असं माझ्या नवऱ्याचं मत आहे. ते रेल्वेच्या ऑफिसात आहेत, त्यामुळे त्यांच्याकडे मतं भरपूर असतात.

ड्रिलच्या सगळ्या ऑर्डरी हिंदीत. आता हैदराबादेत जन्म काढलेल्या बाईला हिंदीचं काय भय. पण ‘दाहिने’ हा शब्द आमच्याकडे कोणीच बोलत नाही. उर्दूवाले म्हणतात सीधा हात, तेलुगूवाले म्हणतात कुडि, आम्ही म्हणतो उजवा. आणि मराठी कानाला ‘दाहिने’ ऐकू आलं की त्यातला दा थेट डाव्याकडे ओढतो. पहिल्याच सकाळी ‘दाहिने मुड’ म्हटल्यावर सगळ्या बायका एकीकडे वळल्या, मी दुसरीकडे, आणि गुंटूरकडच्या एका बाईंच्या नाकाला माझं नाक लागलं. त्यांनीच माझी माफी मागितली.

शाळेच्या मैदानावर हेच मोठ्या प्रमाणात झालं. पहिले काही आठवडे त्या ऑर्डरीवर तुकडी हातातून सुटलेल्या काड्यापेटीसारखी विखरायची. त्यातल्या मराठी घरच्या मुली तेवढ्या न चुकता, एकजुटीने, पूर्ण आत्मविश्वासाने डावीकडे वळायच्या. माझी स्वतःची मुलगी त्यांच्यात होती. नववीत.

म्हणून तिचा अभ्यास मी घरी घेऊ लागले. कणीक मळता मळता विचारायचं, दाहिने म्हणजे? ती म्हणायची, उजवे. केस विंचरताना, दूध उतू जाताना, विद्यानगरच्या बसस्टॉपवर उभं असताना, दाहिने म्हणजे उजवे. शेवटी आमचे हेही स्कूटर वळवताना ते पुटपुटायला लागले. आमच्यात एक करारही झाला होता. मैदानावर मी मॅडम, घरी आई. तो करार ती माझ्यापेक्षा काटेकोर पाळायची.

सव्वीस जानेवारीच्या परेडला एक कमांडर असते. ती एकटी पुढे चालते, सगळ्या ऑर्डरी तिच्या, पाहुण्यांना पहिला सलाम तिचा. माझ्या मुलीला ते हवं होतं. तिने मला कधी सांगितलं नाही, पण न्हाणीघरात बादलीला आणि तांब्याला सावधान करण्याचे आवाज बाहेर यायचे. आवाज माझ्यावर गेलाय. खालच्या मजल्यावरच्या अम्मा विचारायच्या की तुमच्याकडे कोण भांडतंय.

निवडीत शेवटी दोघी उरल्या. माझी मुलगी, आणि दिलसुखनगरहून दोन बस बदलून येणारी तिच्याच वर्गातली एक मुलगी. तिचंही घर मराठी, आजोबांच्या वेळी नांदेडकडून आलेलं. ती मेहनती आणि बिनचूक, पण आवाज मऊ. आम्हाला ड्रिल शिकवायला फौजेतले एक हवालदार येतात, त्यांना सगळे उस्ताद म्हणतात. ते म्हणाले होते, “आवाज तो आपकी बिटिया का है, मॅडम.” मी मान हलवली. आत कुठेतरी पेढा फुटला, तो मी चेहऱ्यावर येऊ दिला नाही.

चाचणीच्या आदल्या दिवशी स्टाफरूममध्ये डबे उघडले होते. गणिताच्या बाई सहज म्हणाल्या, “क्या मॅडम, कमांडर तो घर मेइच है ना? बाहर कायकू ढूंडरें?” सगळ्या हसल्या. सगळ्यांत मोठ्याने मी हसले. बाईंच्या मनात काही नव्हतं, लगेच त्यांनी मला गोंगुराची, म्हणजे आपल्या अंबाडीची, चटणी वाढली. पण ते वाक्य माझ्या पोटात जाऊन बसलं आणि रात्रभर तिथून हललं नाही.

चाचणीत मुलीने तुकडी हाती घेतली. सावधान झालं, तेज चल झालं, थम झालं. आवाज पार भिंतीवर आपटून परत येत होता. मग वळवायची वेळ आली आणि ती क्षणभर थांबली. मला कळलं की ती मनात काय म्हणतेय, कारण ते मीच तिच्या मनात घोटून घोटून बसवलं होतं. आणि ती खणखणीत ओरडली, “उजवे मुड!”

तुकडी जागच्या जागी उभी. उजवे म्हणजे काय ते तुकडीतल्या बहुतेकींना ठाऊकच नव्हतं. बाकीच्या मराठी पोरी शेजारणींकडे बघत थबकल्या. फक्त ती दिलसुखनगरची मुलगी, ऑर्डर कळल्यामुळे, एकटी झोकात उजवीकडे वळली. मग हशा पिकला.

माझी मुलगी हसली नाही, लालही झाली नाही. तिने दम घेतला आणि म्हणाली, “जैसे थे.”

ही ड्रिलमधली रीतसर ऑर्डर आहे. चुकीची ऑर्डर तोंडातून गेली की ‘जैसे थे’ म्हणायचं, सगळे आधीसारखे होतात, आणि मग बरोबर ऑर्डर द्यायची. आपण मराठीत हा शब्द कोर्टाच्या निकालाला आणि वर्षानुवर्षं न हलणाऱ्या कामांना वापरतो. ड्रिलमध्ये तो चूक मागे घ्यायला असतो. तिने ती मागे घेतली, ‘दाहिने मुड’ दिलं आणि उरलेलं सगळं अचूक केलं. उस्तादांनी मान डोलावली. दुसऱ्या मुलीची एकही चूक झाली नाही. तिची ऑर्डर मात्र शेवटच्या रांगेला पुढच्या रांगेकडून कळत होती.

मी कमांडर म्हणून दुसऱ्या मुलीचं नाव घेतलं. कारण म्हणून ऑर्डरीतली चूक सांगितली. सांगताना मी उस्तादांच्या बुटांकडे बघत होते. ते “जी मॅडम” म्हणाले.

स्टाफरूममध्ये माझं कौतुक झालं. गणिताच्या बाई म्हणाल्या, मान गए. मला ते आवडलं, हे सगळ्यांत वाईट. एक अख्खी दुपार मी फार निःपक्षपाती बाई म्हणून वावरले, सहावीच्या वर्गात थोडं जास्तच ताठ उभी राहिले.

संध्याकाळी मी ओट्याशी होते. ती दारात येऊन उभी राहिली.

“आई, मी जैसे थे दिलं होतं.”

“दिलं होतंस.”

“मग ती चूक धरतात?”

मी म्हटलं की पाहुण्यांसमोर तसं चालत नाही. त्यावर ती म्हणाली की उस्तादांना तिने विचारलंय, चाचणीत अशी चूक धरत नाहीत. मी कुकरकडे गेले. कुकरची शिट्टी व्हायला अजून अवकाश होता, हे आम्हा दोघींनाही दिसत होतं.

“मी दुसऱ्या कुणाची मुलगी असते तर?”

“पानं घे,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी ठरवून गेले की मुख्याध्यापिकाबाईंशी बोलायचं आणि निर्णय फिरवायचा. त्यांच्या दाराशीच ती दिलसुखनगरची मुलगी पेढ्यांचा पुडा घेऊन उभी होती. तिच्या वडिलांनी सव्वीसची ड्यूटी बदलून घेतली होती, निझामाबादची आत्या येणार होती. मॅडम, तुम्ही पहिला घ्या. मी घेतला. या पोरीला कुठल्या तोंडाने जैसे थे म्हणायचं? एका मुलीवरचा अन्याय दुसरीवर करून तो फिटत नाही, एवढं नागरिकशास्त्र मलाही येतं. पेढा मी रुमालात बांधला आणि वर्गावर गेले.

घरी करार मोडला. भांडण नाही, रुसवा नाही, फक्त जेवताना आवाज आला, “मॅडम, भात घेऊ?” ह्यांना वाटलं गंमत आहे. तेही म्हणाले, “मॅडम, मला पण.” मग त्यांनी आमच्या दोघींची तोंडं पाहिली आणि निमूट वरण ओतून घेतलं.

पण मुलीने जे पुढे केलं त्याची माझ्याकडे काहीच तयारी नव्हती. त्या मुलीचा आवाज पोचत नाही म्हणून ती तिला शाळा सुटल्यावर आमच्या घरी आणायला लागली. दोघी गच्चीवर जायच्या. एक या टोकाला, एक त्या टोकाला. खाली स्वयंपाकघरात मला सगळं ऐकू यायचं. “गळ्यातून नक्को गं. पोटातून काढ. पोटातून.” मग मऊ आवाजातलं दाहिने मुड, मग खणखणीत दाहिने मुड, पुन्हा मऊ, रोज थोडं कमी मऊ. मी त्यांच्यासाठी उप्पीट करायचे आणि त्यात काजू जास्त घालायचे. काजूंनी काही होत नाही हे मला माहीत होतं, तरी घालायचे.

नेता म्हणजे जो आधी तुकडीचं पाहतो आणि मग स्वतःचं, हे वाक्य मी दर वर्षी फळ्यावर लिहिते. पोरी वहीत उतरवतात. कुणी ते गच्चीवर नेऊन करून दाखवेल असं मला कधी वाटलं नव्हतं. ह्यांनी एका संध्याकाळी वरचे आवाज ऐकत चहा संपवला आणि विचारलं, “हे तू शिकवलंस तिला?”

मी हो म्हटलं.

“मग तुला येतं का ते?”

असं बोलून माणूस पेपर उघडून बसतो.

सव्वीस जानेवारीला मला पाहुण्यांच्या बाजूला, मंचाच्या कडेला उभं केलं होतं. कमांडर पुढे आली आणि तिचा आवाज गेटापर्यंत गेला. तिची आत्या पदर डोळ्यांना लावत होती. मला मनापासून बरं वाटलं, आणि त्या आवाजात माझ्या मुलीचा आवाज किती मिसळलाय तेही ओळखू आलं. तुकडी मंचाजवळ आली. “दाहिने देख.” साऱ्या माना एका झटक्यात उजवीकडे, मंचाकडे, माझ्याकडे वळल्या.

एक सोडून. नियम असा आहे की सगळे उजवीकडे बघतात तेव्हा उजव्या टोकाची पहिली कॅडेट समोरच बघत राहते. तिच्या नजरेवर रांग सरळ चालते. तिने मान वळवली तर सगळी तुकडी वाकडी जाईल. त्या जागी कुणाला ठेवायचं ते उस्तादांनी ठरवलं होतं, आणि ती माझी मुलगी होती. तुकडीतल्या सगळ्या पोरी माझ्याकडे टक लावून बघत गेल्या. मंचाला सर्वांत जवळची ती, हात लांबवला असता तर खांद्याला लागला असता, आणि ती समोर बघत निघून गेली. नियमाप्रमाणे अगदी बरोबर. मीच फळ्यावर खडूने बाण काढून शिकवलेलं.

घरी आल्यावर ह्यांनी मोबाइलवर काढलेला व्हिडिओ लावला. “अगं, आपली तेवढी का बघत नाही?” मी नियम सांगायला सुरुवात केली आणि गरजेपेक्षा फार लांबवला. मुलगी दारातल्या खुर्चीवर बसून बूट काढत होती. “हो बाबा, रूल आहे,” ती म्हणाली. ह्यांनी व्हिडिओ बंद केला आणि कपडे बदलायला आत गेले.

मी म्हटलं, “तुझी निवड व्हायला हवी होती. चूक वगैरे काही नव्हतं. मी स्टाफरूमला घाबरले.”

“माहितीये.” तिने मान वर केली नाही. दोन्ही हातांनी ती नाडी ओढत होती. मग म्हणाली, “ही गाठ बसलीये. जरा बघ ना.”

मी खाली फरशीवर बसले आणि तिचा पाय मांडीवर घेतला. गाठ फार घट्ट होती, आणि चष्मा आत राहिला होता. नखांनी चाचपत मी कुठलं टोक ओढायचं ते शोधत राहिले. तिने पाय अजिबात हलवला नाही.