जपानच्या चिखलात एक रविवार

वाशिंदच्या ज्या कारखान्यात मी स्विचचे सुटे भाग तपासते, त्याचं एक मोठं गिऱ्हाईक जपानमध्ये आहे. त्यांची तपासणीची पद्धत शिकून यायला गेल्या मे महिन्यात आम्हा चौघांना तीन आठवड्यांसाठी तिकडे पाठवलं. दोन पुरुष, मी, आणि माझ्याच टेबलावर बसणारी कसाऱ्याची एक तरुण मुलगी. माझं वय चव्वेचाळीस. आटगावजवळच्या आमच्या गावातून विमानात बसणारी मी पहिली बाई, असं सासूबाई दिसेल त्याला सांगत होत्या. मला मात्र म्हणाल्या, "तिकडं कुनाला काय इचारू नको. गप सगळ्यांच्या मागं चाल, म्हंजे चुकायची नाय."

नागोयाला उतरून स्टेशनात आलो आणि तिथेच माझी पहिली चूक झाली. एवढं मोठं स्टेशन, एवढी माणसं, पण आवाज म्हणून नाही. तेवढ्यात घरून यांचा फोन आला. मी या बांधावरून त्या बांधावर बोलावं तशी ओरडले, "हॅलो! पोचले हो!" कोणी रागावून पाहिलं नाही, उलट आजूबाजूचे सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. मला तेच जास्त लागलं. यांना म्हटलं, नंतर बोलते, आणि फोन पर्समध्ये टाकला. ती पर्सही एव्हाना कागदांनी आणि बिस्किटाच्या वेष्टनांनी फुगली होती, कारण त्या झाडून पुसून ठेवल्यासारख्या शहरात कचऱ्याचा डबा कुठेच सापडेना. लोक आपापला कचरा घरी नेतात, असं आमच्याबरोबर दिलेल्या दुभाषी बाईंनी हिंदीत सांगितलं.

तिथून गाडीने तासाभरावरच्या एका लहान गावात गेलो. कारखाना तिथे होता आणि शेजारीच आमचं हॉस्टेल. आत शिरताना चपला काढायच्या, ते आपल्यासारखंच. पण आतल्या सपाता वेगळ्या आणि संडासात घालायच्या त्याहून वेगळ्या. तिसऱ्या दिवशी मी संडासातल्या गुलाबी सपाता घालून थेट जेवणाच्या हॉलमध्ये गेले. ताट घेऊन टेबलाशी पोचेपर्यंत सगळ्यांच्या नजरा खाली वळल्या. मग कसाऱ्याची मुलगी कानाशी येऊन म्हणाली, "ताई, पायाकडं बघा." मी ताट ठेवून पळाले. परत आल्यावर तिथल्या सुपरवायझरनी कमरेत वाकून मला नमस्कार केला. मीही वाकले. ते पुन्हा वाकले, म्हणून मी पुन्हा वाकले. शेवटी आमटी निवेल म्हणून मीच खाली बसले.

पहिल्या रविवारी बाकीचे तिघं झोपले होते. मला पहाटेच जाग येते, म्हणून फिरायला निघाले. वस्ती संपली आणि पुढे शेतं लागली. आपल्याकडे मे महिन्यात जमीन तडकलेली असते. इथे कालव्याचं पाणी सोडून खाचरं भरलेली, आणि आवणी चाललेली. भाताची लावणी हो! यंत्रावर बसलेले एक आजोबा रोपं लावत चालले होते. यंत्र वळताना कोपरे सुटत होते, आणि त्या कोपऱ्यांत एक आजी हाताने रोपं लावत होत्या. कंबर वाकलेली, डोक्याला फडकं, एका हातात रोपांची मूठ. जागच्या जागी माझी पावलं थांबली.

आजींनी मान वर करून काहीतरी विचारलं. मी आधी स्वतःकडे बोट केलं, मग रोपांकडे, आणि लावायची खूण केली. त्यांना पटेना. मग मी सरळ बूट काढले, सलवार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि उतरले. त्या रबरी बूट पुढे करीत राहिल्या, पण अनवाणी पायांनी चिखल ओळखला होता. गारठ्याने पोटऱ्या ठणकल्या, तरी बरं वाटलं.

मूठ घेतली आणि आमच्या गावच्या वेगाने मागे मागे सरकत एक पट्टा लावून टाकला. वाटलं, आजी आता शाबासकी देणार. त्या आल्या, कमरेवर हात ठेवून पट्टा बघितला आणि माझी रोपं एक एक करून उपटायला लागल्या! मग बांधावरची दोरी आणून ताणली आणि दाखवलं, दोरीला धरून, तीन तीन रोपं, सारख्या अंतरावर. मी म्हटलं, "अहो, भात उगवतंच की असंही." त्याही त्यांच्या भाषेत तितकंच ठासून काहीतरी बोलल्या. आजोबा यंत्र थांबवून आम्हा दोघींचं भांडण बघत खो खो हसत होते. शेवटी मी हार मानली. दोरीने लावलं. दुसरा कोपरा झाल्यावर आजींनी माझ्या दंडावर चिखलाच्याच हाताने थोपटलं.

दुपारी त्या मला घरी घेऊन गेल्या. पाय धुतले, चहा झाला, मिठाच्या भाताचे गोळे झाले. आतल्या खोलीत एक लाकडी कपाट होतं, देव्हाऱ्यासारखं. त्यांनी दारं उघडली तर आत बुद्धाची लहानशी मूर्ती, पुढे वाटीभर शिजवलेला भात आणि एक उदबत्ती. आमच्या घरी सासऱ्यांच्या वडिलांपासून बुद्धाची तसबीर आहे. सात समुद्रापलीकडे, मी चिखलाने भरलेल्या कपड्यांत असताना, तो असा समोर येईल असं मनातसुद्धा नव्हतं. मी गुडघ्यावर बसले आणि हळू आवाजात 'बुद्धं सरणं गच्छामि' असं त्रिसरण म्हटलं. पाठ फिरवून चहा भरणाऱ्या आजी थांबल्या. माझ्याजवळ येऊन बसल्या, हात जोडले, आणि मी संपवल्यावर पितळी वाटीसारखी घंटा एकदा वाजवली.

"बुद्दा?" त्यांनी विचारलं.

"बुद्ध," मी म्हटलं.

दिवसभरात आम्हा दोघींना कळलेला तो एकच शब्द. माझे डोळे भरून आले आणि हसूही आलं, कारण आजी तो उच्चार नीट जमेपर्यंत पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

सोमवारी सुपरवायझरनी बोलावलं तेव्हा वाटलं, आता बोलणी बसणार. न सांगता गेले होते ना. दुभाषी बाई म्हणाल्या, "पूछ रहे हैं, खेत में उतरी थीं?" बातमी माझ्या आधी कारखान्यात पोचली होती. मी मान हलवली. ते म्हणाले, पुढच्या वेळी हॉस्टेलच्या वहीत लिहून जा, काळजी वाटते. आणि हेही म्हणाले की आजींनी निरोप दिलाय, अजून दोन खाचरं राहिलीत.

पुढच्या रविवारी वहीत लिहून आम्ही चौघंही गेलो. कसाऱ्याच्या मुलीची रोपं पहिल्याच झटक्यात सरळ लागली, आणि आजींनी माझ्याकडे बघून तिला शाबासकी दिली.

निघायच्या आदल्या संध्याकाळी आजी-आजोबा छोट्या ट्रकमधून हॉस्टेलवर आले आणि गेल्या वर्षीच्या तांदळाची पिशवी देऊन गेले. तो आम्ही तिथल्याच स्वयंपाकघरात शिजवला. चिकट झाला, पण गोड होता. एकाने घरून आणलेली लसणाची चटणी काढली. चौघं हाताने पोटभर जेवलो. कसाऱ्याची मुलगी बोटं चाटत म्हणाली, "ताई, जपानचा भात मला आता कुठं भातासारखा लागला."