सरकतं रान

जिंतूर तालुक्यातल्या त्या गावात मी भूगोल शिकवायला गेले ती नामांतराची वर्षं. विद्यापीठाच्या नावावरून कधी बंद, कधी दगडफेक. एसटी आली तर आली. शनिवारी घरी जायचा माझा बेत हमखास बोंबलायचा आणि मी चरफडत पुढच्या आठवड्याचे धडे तयार करत बसायची. खोली एका शेतकरी जोडप्याच्या घरातली. त्यांना मूलबाळ नाही असं मी धरूनच चालले होते. तिला मी वहिनी म्हणायची, तिच्या नवऱ्याला भाऊ.

एका संध्याकाळी मी खोक्याच्या पुठ्ठ्यातून सगळे खंड कापून ओसरीवर मांडले होते. वहिनी शेजारी तूर निवडत होती. "ह्ये काय मांडलंय, बाई?" झालं, मला तेवढंच निमित्त हवं होतं. हे सगळं एके काळी एकाला एक चिकटलेलं होतं, मग फुटलं, आपला तुकडा दक्षिणेकडून सरकत आला, अजून सरकतोय, नख वाढतं तितक्या संथपणे. कोट्यवधी वर्षांनी हे तुकडे बहुधा पुन्हा एकत्र येतील. समुद्र मिटतील, तिथं डोंगर उठतील, आजचे डोंगर झिजून सपाट होतील. बोलता बोलता मी आफ्रिका उचलून युरोपावर आपटलीसुद्धा.

"आपलं रान बी सरकायलंय का?"

"तर! आत्ता, या घडीला. तुमच्यासकट, या सुपासकट."

ती हसेल असं वाटलं होतं. तिनं सूप खाली ठेवलं. "आन् रानाच्या पोटातलं?"

"तेही."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटली तर ही फाटकाशी उभी. "रानात येता का जरा?" उन्हाळा ऐन भरात होता. काळ्या रानाच्या भेगा ज्यानं पाहिल्या नाहीत त्याला सांगून पटायचं नाही. काठी घातली तर बूड लागत नाही. चालताना पायाखालचं ढेकूळ आत निसटायचं आणि ते कुठंतरी आपटल्याचा आवाज उशिरा यायचा. मला तो आवाज अजिबात आवडायचा नाही.

बांधाच्या कडेला एक बाभूळ, तिच्या अलीकडे एक मोठा दगड आणि त्यावर वाळलेले काटे. मी विचारायच्या आधीच ती म्हणाली, "माझा पोरगा हाय हितं." आमच्याकडे दात न आलेलं लेकरू जाळत नाहीत, पुरतात, आणि जनावरानं उकरू नये म्हणून वर दगड-काटे ठेवतात. हे मला माहीत होतं. पण हिचं असं काही असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

"ठिवला तवा ह्यो दगड बाभळीला टेकून व्हता. कुणी हलवला न्हाई. मी दरसाल बगायले." आता दगड आणि खोड यांच्यात माणूस आडवा होईल एवढी जागा होती.

माझ्यातली मास्तरीण गप्प बसते होय! काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून फाटते, वरची माती भेगांतून खाली जाते, खालचं हळूहळू वर येतं, जमीन स्वतःलाच घुसळत असते... इथं मी कशावर उभी राहून हे बोलतेय ते ध्यानात आलं. वहिनी माझ्या तोंडाकडे बघत होती.

"म्हंजी त्यो दगडाखाली न्हाई."

"वहिनी, मला तसं म्हणायचं नव्हतं हो."

"खरं ते सांगा. समिंदर न् डोंगर व्हतील तवा त्यो कुठं असंल?"

कोट्यवधी वर्षं हे शब्द मी वर्गात चुटकीसरशी उच्चारायची. तिथं उभं राहून ते मनात आणायला गेले तर भोवळ आल्यासारखं झालं. "हाडाची माती होते, वहिनी. रान जाईल तिकडं ती जाईल."

"आन् मी? मला तर जाळतेत. राख गंगेत सोडतेत. मी कुठल्या कुठं वाहून जाईन अन् त्यो हितून एकलाच जाईल की वो. मान बी धरीत नव्हता अजून."

मला रडू फुटलं. ती रडत नव्हती.

घरी येऊन तिनं भाऊंना सरळ सांगितलं, मला जाळू नका, त्याच्यापाशी पुरा. भाऊ उखडले. "येडी का खुळी? लोक तोंडात शेण घालतील! अन् बाई, तुमी लेकरायला शिकवा, हिला कामून शिकवायलात?" तिनं पुन्हा तो विषय काढला नाही. पण दर उन्हाळ्यात ती रानात भेगेशी ओणवी होऊन कान लावून बसलेली दिसायची. बायका तिला टाळायला लागल्या. खरं सांगते, मीही दुरूनच परतायची.

पुढं माझी मानवतला बदली झाली. नामांतर झालं त्या वर्षीच्या उन्हाळ्यात वहिनी गेल्याचा निरोप आला. मी पोचले तेव्हा राख सावडून माणसं परतत होती. गंगेला, म्हणजे गोदावरीला, जायला सगळे फाट्याकडे वळले. भाऊ मात्र फडक्यात बांधलेलं गाडगं छातीशी धरून रानाकडे निघाले. भावकीनं हाका मारल्या, शिव्या घातल्या. त्यांनी वळून पाहिलं नाही. मी मागोमाग गेले.

बाभूळ कधीच वठून गेली होती. दगड कुठं दिसेना. भाऊंनी सगळ्यांत रुंद भेग हुडकली आणि गाडगं तिरपं केलं. राख आत जात राहिली, जात राहिली. गाडगं रिकामं झालं तरी भेगेत काळोखाशिवाय काही दिसेना.

भाऊ गुडघ्यांवर बसले, भेगेशी तोंड नेलं आणि हळूच विचारलं, "सापडला का गं?"